सायन्स की डिप्लोमा? कोकणातल्या दहावी पास घरांसाठी

कोकण बोर्ड निकालात दरवर्षी राज्यात पहिलं येतं, आणि मग घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: "ऐंशीच्या वर आहेत ना, मग सायन्सच." माझं भांडण त्या 'मग'शी आहे.

इंजिनिअर व्हायचं असेल तर दोन्ही वाटा सहा वर्षांच्याच. अकरावी-बारावी आणि पदवीची चार, किंवा दहावीनंतर तंत्रनिकेतनात डिप्लोमाची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षात शिरून पदवीची तीन. फरक कळतो तो मध्येच थांबायची वेळ आली तर. नुसत्या बारावी सायन्सवर नोकरी मिळणं कठीण. डिप्लोमावाला मात्र रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज करू शकतो, पहिला वर्ग असेल तर इस्रोत टेक्निकल असिस्टंटसाठीही.

बारावीनंतर सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, आलीच. इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते, बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते. भौतिक-रसायनाचा पेपर मराठीतून देता येतो, गणिताचा इंग्रजीतूनच. म्हणजे कॉलेज वेगळं, क्लास वेगळा. राजापूर-लांज्याच्या आतल्या वाडीतून सकाळच्या एसटीने निघालेलं पोर दुपारच्या गाडीने परतलं की क्लासला जाणार कधी? मग रत्नागिरीला नाहीतर कोल्हापूरला खोली घ्यावी लागते. पालक फी विचारतात आणि खोलीभाडं, खानावळ विसरतात. तिथेच हिशेब चुकतो.

डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला जाताना सीईटी नाही, डिप्लोमाच्या टक्क्यांवर यादी लागते. रत्नागिरी, मालवण आणि पेणला सरकारी तंत्रनिकेतनं आहेत. पण तिथे गणित सुटतं असं समजू नका. मराठी माध्यमातल्या मुलांचं पहिलं सत्र गणित आणि इंग्रजी शब्दांशी झुंजण्यात जातं, आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं गणित डिप्लोमाच्या मुलांना जडच जातं. माझा भाचा होडीचं डिझेल इंजिन खोलून परत बसवायचा. वर्कशॉपमध्ये तो राजा होता, गणिताचा विषय मात्र दोनदा राहिला. तरीही त्याच्यासाठी हीच वाट बरोबर होती, असं मी आजही म्हणेन.

डॉक्टर व्हायचं असेल, मूळ विज्ञान शिकायचं असेल किंवा आयआयटीतून बीटेक करायचं असेल, तर डिप्लोमाचा विचारच नको. आणि एक वाट आपल्या दारातली, जी फारशी कुणी मोजत नाही: रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, १९८१ पासूनचं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. चार वर्षांची पदवी, पण त्यासाठी बारावी सायन्सच लागतं. समुद्र सोडवत नसेल तर मी अकरावीलाच पाठवीन.

मुलींचा हिशेब वेगळा. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत. शिवाय आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, इंजिनिअरिंग पदवीला प्रवेश मिळाला, तर २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. त्यामुळे 'पदवी परवडणार नाही, डिप्लोमावर थांबव' हे मुलीच्या बाबतीत निदान फीच्या नावाखाली सांगू नका.

आयटीआयही आहेच. दोन वर्षांचा ट्रेड केला तर पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

अकरावी आणि डिप्लोमा, दोन्हीकडचे अर्ज ऑनलाइन आहेत, दोन्ही भरून ठेवा. पण पसंतीक्रमात कॉलेज टाकण्याआधी डेपोत जाऊन त्या गावची पहिली गाडी आणि वस्तीची गाडी किती वाजता असते ते विचारून या.