मोबाइलवरची गाणी घरच्या स्पीकरवर: ब्लूटूथ, वाय-फाय की वायर?

गाणं तेच, ॲप तेच, स्पीकरही तोच, तरी आवाजात फरक पडतो, कारण मोबाइलपासून स्पीकरपर्यंतची वाट बदललेली असते. नवा स्पीकर घेण्याआधी ही वाट ठरवावी.

ब्लूटूथ सगळ्यात सोपं. पण यात मोबाइल ॲपकडून आलेलं गाणं उलगडतो आणि पुन्हा दाबून, म्हणजे त्यातला डेटा कमी करून, स्पीकरकडे पाठवतो. सीडीच्या आवाजाला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथचा सर्वसाधारण कोडेक (आवाज दाबण्याची पद्धत) एसबीसी ३२८च्या आसपास थांबतो, एएसी हा दुसरा कोडेक साधारण २५६वर. आयफोन एएसीच्या पुढे जात नाही. अँड्रॉइड ८पासून एलडॅक हा जास्त दराचा कोडेक मिळतो: ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिट. तो स्पीकरमध्येही असावा लागतो, आणि बऱ्याच फोनवर ब्लूटूथ सेटिंगमध्ये स्पीकरच्या नावापुढच्या चक्रावर टिचकी मारून चालू करावा लागतो. मधे भिंत आली की तो आपोआप खालच्या दरावर उतरतो. हा फरक ढोलकीवर फारसा कळत नाही; अभंगातले टाळ आणि तानपुऱ्याची जवारी यांवर आधी कळतो. शिवाय फोनवरच्या सूचनांचे आवाज ऐन आलापात स्पीकरवर वाजतात.

वाय-फायवर गुगल कास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्ट ही गाणं स्पीकरकडे सोपवण्याची सोय वापरली तर फोन फक्त रिमोट असतो. स्पीकर गाणं थेट इंटरनेटवरून ओढतो, म्हणून दुसऱ्यांदा दाबणं टळतं आणि फोन घेऊन बाहेर गेलात तरी गाणं थांबत नाही. ॲपलच्या एअरप्लेमध्ये मात्र आवाज सहसा फोनमधूनच जातो. कास्ट करताना ॲपच्या आतलं चिन्ह वापरा. संपूर्ण स्क्रीन कास्ट केली तर आवाज पुन्हा दाबला जातो आणि वाय-फायचा फायदाच उरत नाही.

वाय-फायची खरी डोकेदुखी म्हणजे स्पीकर यादीत न दिसणं. बहुतेक वेळा फोन मोबाइल डेटावर किंवा पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर असतो, व्हीपीएन चालू असतं, नाहीतर राऊटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ चालू असल्याने उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. स्पीकर फक्त २.४ गिगाहर्ट्झवाला असेल तर राऊटरवर तो बँड बंद करू नका. वीज गेली की राऊटरही जातो; तेव्हा डाउनलोड केलेली गाणी आणि बॅटरीवरचा ब्लूटूथ स्पीकरच कामी येतो. म्हणून दोन्ही सोयी असलेला घेणं उत्तम.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी दुकानातच एक तपासणी करावी. ख्यालाचं ध्वनिमुद्रण बऱ्याचदा विलंबित आणि द्रुत अशा दोन ट्रॅकमध्ये तोडलेलं असतं. काही वाय-फाय स्पीकर दोन ट्रॅकच्या मधे क्षणभर गप्प होतात आणि तानपुरा तुटतो. असा सांधा वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरात जुना पण चांगला ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर असतील तर नवीन काहीच घेऊ नका. यूएसबी-सीचा छोटा डॅक (फोनमधल्या डिजिटल आवाजाचा ॲम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करणारं उपकरण) आणि एका टोकाला ३.५ मिमीची हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना असलेली वायर पुरते. वायर ॲम्प्लिफायरच्या मागच्या ‘ऑक्स’ जागेत लावा, ‘फोनो’मध्ये नाही: ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या क्षीण सिग्नलसाठी असते, तिथे आवाज फाटतो आणि खर्ज फुगतो. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमी-जास्त ॲम्प्लिफायरवर करा. चार्जिंग लावल्यावर घूं आवाज आला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे चार्जर आणि ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगमधून येणारी घरघर. चार्जर काढून ऐका. अँड्रॉइड बऱ्याचदा आवाज ४८ किलोहर्ट्झला बदलून पाठवतं, पण कानाला त्याने फरक पडत नाही. उठून गाणं बदलावं लागतं, हीच खरी गैरसोय.

कुठलीही वाट निवडा, ॲपमधला दर्जा ‘ऑटो’वर सोडू नका, वाय-फाय आणि मोबाइल डेटासाठी तो वेगवेगळा निवडता येतो. ॲपल म्युझिकच्या आकड्यांनुसार तीन मिनिटांचं गाणं साध्या उच्च दर्जात ६ एमबी, लॉसलेसमध्ये (काहीही न गाळलेलं) ३६ एमबी आणि हाय-रेझमध्ये (त्याहून बारकाईचं) १४५ एमबी घेतं. एकुलत्या छोट्या स्पीकरवर ते १४५ एमबी वाया जातात. तेवढी हौस असेल तर पैसे जोडीच्या दुसऱ्या स्पीकरवर घालावेत.