न्यूअर्कच्या शेजारून सेस्ना १७२ : आठ महिने अ‍ॅपवर आयएफआर डिपार्चर आखल्यानंतर

न्यू जर्सीतल्या कॉल्डवेल आणि लिंकन पार्क या छोट्या विमानतळांवरून सेस्ना १७२ (एका पिस्टन इंजिनाचं छोटं विमान) घेऊन आयएफआर (बाहेर न दिसताही उपकरणांच्या आधारे उडण्याचे नियम) उड्डाणं आखायला आयपॅडवरचं नियोजन अ‍ॅप आठ महिने वापरलं. एका गोष्टीसाठी पैसे वसूल: एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) अलीकडे प्रत्यक्षात कोणते रूट दिले, ते दिसतं. न्यूअर्क आणि टेटरबरो या शेजारच्या विमानतळांच्या गर्दीत आपल्या सोयीचा सरळ रूट फ्लाइट प्लॅनमध्ये फाइल करून उपयोग नसतो. इंजिन चालू असताना तो बदलून मिळतो, मग पॅड मांडीवर घेऊन नवे फिक्स (मार्गावरचे नाव दिलेले बिंदू) भरत बसा.

यादीतला पहिला रूट मात्र डोळे मिटून उचलू नका, तो जेटचा असू शकतो. उंची आणि विमानाचा प्रकार पाहून पिस्टनवाल्यांना मिळालेलाच घ्या.

चढाईचं गणित हातानेच करा. डिपार्चरच्या चार्टवर वेगळं काही नसेल तर नॉटिकल मैलाला किमान २०० फूट चढाई धरलेली असते; ग्राउंडस्पीड ९० नॉट असेल तर मिनिटाला ३००. चार्टवर ४०० असेल तर ६००. १७२एस पूर्ण वजनात समुद्रसपाटीला, प्रमाणित हवेत मिनिटाला ७३० फूट देते. जुलैच्या उकाड्यात, ३,००० फुटांवर तो आकडा विसरा. शेपटीकडून वारा असेल तर गरज आणखी वाढते, हे हमखास राहून जातं.

टेटरबरोहून निघताना रूडी (तिथला एक ठरलेला डिपार्चर मार्ग) मिळालं तर अल्टिट्यूड सिलेक्टरवर (जिथे गाठायची उंची लावतात) आधी १,५०० फूट लावा, २,००० नाही. त्या मार्गावरचा वेंट्झ हा फिक्स ओलांडेपर्यंत १,५०० सोडायचे नाहीत, कारण डोक्यावरून न्यूअर्कला उतरणारी विमानं जात असतात.

वेळेच्या बाबतीत अ‍ॅप काही कामाचं नाही. रिलीजसाठी (एटीसीने उड्डाणाला मोकळीक देण्यासाठी) थांबवलं तर किती, ते सांगता येत नाही. विमानाच्या मॅन्युअलमधले स्टार्ट-टॅक्सीचे १.४ गॅलन इंधन तिथे पुरत नाहीत. दोन गॅलन वरचे धरावेत. थांबताना मिक्श्चर चांगलं लीन (इंधन कमी, हवा जास्त) ठेवा, नाहीतर स्पार्क प्लग काजळतात आणि रनअपला (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत) मॅग्नेटो (प्लगना ठिणगी पुरवणारा भाग) तपासताना इंजिन खडखडतं. फार उशीर होणार असेल तर प्लॅनची वेळ पुढे ढकलून घ्या. ठरल्या वेळेनंतर साधारण दोन तासांनी तो सिस्टिममधून उडतो.

लिंकन पार्कला टॉवर नाही, तिथे क्लिअरन्सबरोबर (एटीसीच्या परवानगीबरोबर) व्हॉइड टाइम येतो, म्हणजे तोपर्यंत उडालं नाही तर परवानगी रद्द. ती वेळ टळली तर लगेच, फार तर ३० मिनिटांत एटीसीला कळवायचं. तोवर तुमच्यासाठी अडवलेली हवाई जागा इतरांना मिळत नाही. म्हणून रनअप आटोपूनच क्लिअरन्स मागा.