गॅस लॉग्ज: व्हेंटेड घ्यायचे की व्हेंटलेस?

न्यू जर्सीत आम्ही जुनं घर घेतलं तेव्हा फॅमिली रूममधल्या विटांच्या फायरप्लेसमध्ये आधीच्या मालकाने व्हेंटलेस गॅस लॉग्ज बसवलेले होते, म्हणजे ओंडक्यांसारखे दिसणारे, गॅसवर पेटणारे आणि जळालेला वायू खोलीतच सोडणारे. दोन हिवाळे ते वापरले, मग काढून व्हेंटेड, म्हणजे तो वायू चिमणीतून बाहेर सोडणारे, घातले. दोन्ही भोगून झालंय, एवढाच माझा अधिकार.

व्हेंटलेसची बाजू खरंच भक्कम आहे. डॅम्पर (चिमणीतली झडप) बंद, उष्णता सगळी खोलीत, अर्ध्या तासात स्वेटर काढावा लागतो आणि गॅसही कितीतरी कमी जातो. एकदा बर्फाच्या वादळात लाइट गेले, फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) बंद, तेव्हा झोपेपर्यंत ह्याच लॉग्जनी तारलं, कारण पायलटच्या, म्हणजे बर्नर पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीच्या, आचेवरच गॅसच्या व्हॉल्व्हपुरती वीज तयार होते. ऑक्सिजन कमी झाला की सेन्सर पायलट विझवतो, त्यामुळे लोक घाबरवतात तितकं काही नाही असं आपलं मला वाटतं (कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र हवाच, दोन्हीला). कॅलिफोर्नियावाल्यांनी हा विचारच सोडा, तिथे घरात चालत नाहीत.

मग बिनसलं कुठे, तर वासावर. त्या डिसेंबरात आई आलेली, मार्गशीर्षातला गुरुवार, तिने घट मांडला, उदबत्ती लावली, किचनमध्ये वरणाला फोडणी पडली आणि मी हौसेने लॉग्ज पेटवले. दहा मिनिटांत आई बाहेर येऊन म्हणते, "अरे, रॉकेलचा स्टोव्ह पेटवलाय का कुणी?" आणि अगदी तस्साच वास! लीक असेल म्हणून माणूस बोलावला, त्याने सगळं तपासलं, लीक नाही, बर्नर स्वच्छ. तो म्हणाला मेणबत्त्या, उदबत्त्या बंद करा. हे लॉग्ज खोलीतलीच हवा ओढतात, त्यात उदबत्ती, फोडणी, ताजा रंग जे काही असेल ते ज्वाळेतून जातं आणि वेगळाच वास होऊन परत खोलीत येतं. आता आमच्या घरात फोडणी बंद म्हणजे काय, जेवणच बंद. डॅम्पर उघडून बघितला, वास कमी झाला पण उष्णताही वर गेली, मग उरलं काय, तर ती बारकी ज्वाळा. शिवाय गॅस जळला की पाण्याची वाफ होतेच, ३०,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक) बर्नर तासाला लिटरभराच्या वर पाणी हवेत सोडतो, सकाळी खिडक्यांवरून ओघळ.

व्हेंटेडचे तोटे लपवत नाही. बरीचशी उष्णता चिमणीतून आकाशाला, समोर बसलं तर गुडघे शेकतात एवढंच. डॅम्पर पूर्ण मिटू नये म्हणून त्याला क्लॅम्प लावावाच लागतो, म्हणजे लॉग्ज विझलेले असले तरी गार हवा पायाशी येते. आम्ही लॉग्ज पूर्ण गार झाले की काचेची दारं लावून घेतो, पेटलेले असताना ती पूर्ण उघडी. पण ज्वाळा मोठी, पिवळी, लाकडासारखी सळसळणारी.

बसवण्याबद्दल दोनच गोष्टी. फायरप्लेसच्या रुंदीचं माप फक्त पुढून घेऊ नका, आमची पुढून ३६ इंच पण मागे जेमतेम २७, मी ३० चा सेट ऑर्डर करता करता वाचलो, शेवटी २४ चा घेतला. आणि चिमणी साफ करून तपासून घ्या, मग टाउनशिपचं परमिट, लायसन्सवाला प्लंबर. व्हेंटेडला गॅस जवळजवळ दुप्पट लागतो, जुन्या पाइपातून तेवढा येतो का ते त्यालाच बघू दे. बर्नरच्या पॅनमध्ये वाळू पसरतात आणि त्यावर निखाऱ्यांसाठी एक लोकरीसारखं मटेरियल पिंजून ठेवतात, ते प्लंबरने गठ्ठ्याने कोंबलं होतं. आईने ग्लोव्हज घालून वाती वळायच्या हाताने ते परत पातळ पिंजलं, तेव्हा कुठे निखारे लाल दिसायला लागले.

तुमची चिमणीच बंद असेल किंवा बेसमेंट खरोखर गरम करायचं असेल तर व्हेंटलेसला नाही म्हणणार नाही. फक्त घेण्याआधी कुणाकडे लावलेले असतील तर बघून या, आणि नुसतं चहाला नको, त्यांच्याकडे फोडणी पडत असेल तेव्हा जा.