होंडा एलिव्हेट व्हीएक्स सीव्हीटी: टॉप मॉडेल सोडून मधलं का घेतलं

गाडी कुठली घ्यायची हे आमच्या घरात तसं लवकर ठरलं, खरी मारामारी झाली ती व्हेरियंटवरून. होंडाच्या एलिव्हेट या एसयूव्हीला मुख्य व्हेरियंट चारच, एसव्ही, व्ही, व्हीएक्स आणि झेडएक्स. ऐकायला सोपं वाटतं पण मॅन्युअल की ऑटोमॅटिक हे त्यात मिसळलं की डोकं फिरतं, कारण प्रत्येक पायरीवर शोरूमवाला सांगणार की सर एवढे देताच आहात तर अजून लाखभर टाका आणि टॉप घेऊन टाका. मी व्हीएक्स सीव्हीटी (सीव्हीटी म्हणजे यातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) घेतली आणि आज परत घ्यायची झाली तरी हीच घेईन. का ते सविस्तर लिहितो, कारण हाच हिशोब क्रेटा, सेल्टोस, ग्रँड विटारा कशालाही लावता येतो.

आधी गाडीचं थोडक्यात. 1.5 लिटरचं पेट्रोल इंजिन, 121 पीएस, 145 एनएम टॉर्क, टर्बो नाही, डिझेल नाही, हायब्रिड नाही, खालपासून वरपर्यंत हे एकच इंजिन. हा मला मोठा फायदा वाटतो, कारण बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिनच व्हेरियंटला बांधलेलं असतं. 2024 ला क्रेटाचं फेसलिफ्ट आलं तेव्हा 160 पीएसचं टर्बो फक्त एसएक्स ऑप्शनलमध्ये म्हणजे एकदम टॉपला होतं, इंजिन हवं तर बाकी सगळं सामान पण घ्याच. स्कोडा कुशाक, फोक्सवॅगन टायगुनमध्ये 1.0 लिटर की 1.5 लिटर इंजिन हे आधी ठरवावं लागतं. एलिव्हेटमध्ये तसं काही नाही, बेसवाल्याला आणि टॉपवाल्याला तीच ताकद, त्यामुळे फरक उरतो तो फक्त फीचर्सचा.

220 एमएम ग्राउंड क्लिअरन्स आणि 458 लिटर डिकी पण सगळ्यांना सारखीच. पावसाळ्यात आपल्याकडचे रस्ते आणि सोसायट्यांसमोरचे ते न रंगवलेले स्पीडब्रेकर ज्यांना रोज भेटतात त्यांना या 220 चं महत्त्व वेगळं सांगायला नको. मागचे ब्रेक ड्रम आहेत, तेही सगळ्या व्हेरियंटला, झेडएक्सला सुद्धा, म्हणजे जास्त पैसे भरून मागे डिस्क मिळतील असं कुणी समजत असेल तर तसं नाहीये. पॅनोरमिक सनरूफ आणि व्हेंटिलेटेड सीट या गाडीत टॉपलाही नाहीत. ज्यांना त्या हव्याच आहेत त्यांनी सरळ दुसरी गाडी बघावी, एलिव्हेटच्या टॉपवर पैसे घालू नयेत.

आता पैशांचं, कारण इथेच सगळे गंडतात. सप्टेंबर 2023 ला गाडी आली तेव्हा मॅन्युअलमध्ये एसव्ही 11 लाख, व्ही 12.11, व्हीएक्स 13.50 आणि झेडएक्स 14.90 लाख अशा एक्स-शोरूम किमती होत्या, सीव्हीटीला वर 1 लाख 10 हजार, आणि एसव्हीमध्ये सीव्हीटी मिळतच नव्हती. नंतर किमती वरखाली झाल्या, सप्टेंबर 2025 मध्ये चार मीटरच्या वरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना सरसकट 40 टक्के जीएसटी झाला आणि सेस गेला तेव्हा खाली पण आल्या, त्यामुळे आजचा आकडा शोरूममधूनच घ्या. पण दोन व्हेरियंटमधलं अंतर कसं वाढत जातं ते समजून घ्यायला हे आकडे पुरेत. व्हीएक्स ते झेडएक्स 1 लाख 40 हजार. आपल्या महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला 10 ते 20 लाखांच्या टप्प्यात 12 टक्के रोड टॅक्स, म्हणजे वर 16,800. त्यावर इन्शुरन्स वाढतो कारण गाडीची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली किंमत, वाढते. सगळं धरून फरक 1 लाख 60 हजारांच्या आसपास जातो. हे लोनवर घेतलं, 9 टक्क्यांनी पाच वर्षं, तर महिन्याला 3,300 रुपये जास्त आणि शेवटी जवळपास 2 लाख भरून होतात. म्हणजे सेल्समन ज्याला लाखभर म्हणतो ते दोन लाख असतात. एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच घेतलेला आयकर, पण लागतो दहा लाखांच्या वर, पण तो रिटर्न भरताना वळता होतो म्हणून मी धरला नाही.

बरं मग या दोन लाखांत झेडएक्समध्ये मिळतं काय? 8 इंचाऐवजी 10.25 इंचाची स्क्रीन, जास्त स्पीकर, लेदरेट सीट आणि मुख्य म्हणजे होंडा सेन्सिंग, म्हणजे एडास, ब्रेक मारायला आणि लेन धरायला ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा. लाँचच्या वेळी सहा एअरबॅग पण फक्त झेडएक्सलाच होत्या, आणि तेव्हा मी कुणालाही सांगितलं असतं की झेडएक्सच घ्या किंवा थांबा, कारण एअरबॅग बाहेरून बसवता येत नाही. पण एप्रिल 2024 पासून सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटला आल्या, पाचही सीटना थ्री-पॉइंट बेल्ट आणि रिमाइंडर आले, आणि तिथेच झेडएक्सचं सगळ्यात वजनदार कारण गेलं. जुने रिव्ह्यू बघून टॉपच घ्यायला हवं असं ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट नक्की लक्षात घ्या, यूट्यूबवर अजून ते पहिले व्हिडिओच वर येतात.

राहिला एडास. मला त्याबद्दल काही वैर नाही, ऑटोमॅटिक ब्रेकिंग एकदा जरी कामी आलं तरी पैसे वसूल. पण एलिव्हेटचं एडास कॅमेऱ्यावर चालतं आणि त्यातला अॅडाप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीशी अंतर ठेवून वेग धरणारा, हा ट्रॅफिकमध्ये थांबून आपोआप परत निघणारा प्रकार नाही. माझं रोजचं ड्रायव्हिंग म्हणजे कोथरूड ते हिंजवडी, चांदणी चौकातून हायवेला लागायचं, वाकडला रेंगाळायचं आणि मग पहिल्या गिअरच्या स्पीडने फेज वन. यात लेन कीप असिस्टला धरायला लेनच नसते. ज्यांचं दर आठवड्याला मुंबईला जाणं आहे, एक्सप्रेसवेवर पट्टे स्वच्छ आहेत आणि तासाला 100 ची लिमिट धरून क्रूझ लावून बसायचंय, त्यांनी झेडएक्स जरूर घ्यावी, त्यांच्यासाठी ते दोन लाख सार्थकी लागतील. माझं एक्सप्रेसवेवर जाणं कमी, साताऱ्याला आईकडे जाणं जास्त आणि त्या रस्त्यावर कामं, डायव्हर्जन आणि उलट्या दिशेने येणारे ट्रॅक्टर.

मग उलट विचार केला की व्ही का नको? व्हीमध्ये सीव्हीटी आहे, 8 इंची टचस्क्रीन आहे, रिव्हर्स कॅमेरा आहे, वायरलेस अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले आहे. खरं सांगायचं तर बहुतेक घरांना व्ही सीव्हीटी पुरेशी आहे आणि जवळपास दीड लाख वाचतात. व्हीएक्समध्ये वर येतं ते सनरूफ, 17 इंची अलॉय, वायरलेस चार्जर आणि लेनवॉच. सनरूफसाठी मी एक रुपया जास्त दिला नसता, एप्रिल-मेच्या पुण्याच्या उन्हात ती उघडते कोण. अलॉय तर नाना पेठेत बाहेरून मिळतातच. शिवाय 16 इंचाच्या चाकाला टायरची भिंत उंच असते त्यामुळे खड्ड्यात ती जास्त सुखाची, हे पण मान्य. मला व्हीएक्सकडे ओढलं ते लेनवॉचने.

हे लेनवॉच नीट सांगतो कारण ब्रोशरमध्ये त्याला एक ओळ पण धड मिळत नाही. डाव्या आरशाखाली एक कॅमेरा असतो, तुम्ही डावा इंडिकेटर दिला की स्क्रीनवर गाडीची पूर्ण डावी बाजू दिसायला लागते, मागच्या चाकापासून पार लांबपर्यंत. आता पुण्यात डावीकडे वळणं म्हणजे काय असतं ते इथे राहणाऱ्याला माहितीये. कर्वे रोडवरून नळ स्टॉपला डावीकडे घ्यायचंय, इंडिकेटर दिलाय, स्पीड कमी केलाय, आणि नेमकं तेव्हाच डावीकडच्या दोन फुटांच्या फटीतून एक अॅक्टिव्हा येते, तिच्या मागे स्विगीवाला, आणि एखादी सायकल पण. आरशात ती अॅक्टिव्हा दिसते आणि मधेच गायब होते, तोच ब्लाइंड स्पॉट. स्क्रीनवर मात्र ती सलग दिसत राहते, हेल्मेटच्या काचेसकट, आणि ती पुढे निघून गेली हे बघूनच मी स्टिअरिंग फिरवतो. संध्याकाळच्या पावसात, आरशावर थेंब साचलेले असताना तर मी त्याच्यावरच जास्त भिस्त ठेवतो. ज्या शहरात रस्त्यावर सगळ्यात जास्त दुचाकीच आहेत तिथे हे फीचर सनरूफच्या आधी लिहायला हवं. बाहेर नंतर बसवून घेऊ म्हणावं तर साइड कॅमेरा मिळतो, पण इंडिकेटरला आणि कंपनीच्या स्क्रीनला जोडायचं म्हणजे वायरी कापणं आलं आणि कापलेल्या वायरीवरून वॉरंटीचं भांडण आलं.

माझी कसोटी एवढीच होती, नंतर बाहेरून बसवता येणार नाही ते कुठल्या व्हेरियंटपर्यंत मिळतंय. गिअरबॉक्स, एअरबॅग, मागचे बेल्ट, ड्रायव्हर सीटची उंची अॅडजस्ट होणं, मागचा वायपर, मागचे एसी व्हेंट, या गोष्टी फॅक्टरीतूनच याव्या लागतात. सीट कव्हर, स्पीकर, मॅट, अँबियंट लाइट, अलॉय हे सगळं नाना पेठेत एका शनिवारात होतं. ब्रोशर घेऊन या दोन्ही गटांवर वेगवेगळ्या पेनाने खुणा करा, तुमचं व्हेरियंट कुठे थांबतं ते कागदावरच दिसेल.

सीव्हीटीबद्दल पण लोक विचारतात म्हणून लिहितो. शहरात मखमल आहे, झटका नाही, सिंहगड रोडच्या गर्दीत डावा पाय आराम करतो. खंबाटकी घाटात गाडी भरलेली असताना जोरात पाय दाबला की आधी आवाज वाढतो मग वेग, सगळ्याच सीव्हीटींचा स्वभाव तो, तिथे मी स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल वापरतो. ज्यांना ओव्हरटेकची घाई असते त्यांनी मॅन्युअल किंवा दुसऱ्या कंपनीचं टर्बो चालवून बघावं. कंपनीचा मायलेजचा आकडा सीव्हीटीला लिटरला 16.92 किलोमीटर आहे आणि मॅन्युअलला 15.31, म्हणजे ऑटोमॅटिक घेतली म्हणून मायलेज जातं हा समज इथे तरी खरा नाही. शहरात प्रत्यक्ष यापेक्षा कमीच धरा, आणि टाकी 40 लिटरची आहे त्यामुळे पंपावर जाणं होतं.

आईला गाडीत बसताना वाकावं लागत नाही आणि चढावंही लागत नाही, सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते. घरात गुडघेदुखीवालं कुणी असेल तर त्यांना बरोबर घेऊनच शोरूमला जा, एकदा बसवा आणि उतरवा, त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. आणि हे व्हीमध्येही तसंच आहे, झेडएक्समध्येही तसंच.

शोरूमचा अनुभव संमिश्र. नाव लिहीत नाही पण एक जण सारखं म्हणत होता व्हीएक्सला वेटिंग आहे, झेडएक्स उद्या मिळेल, आणि टेस्ट ड्राइव्हला पण टॉपच दिली, त्यामुळे चालवून झाल्यावर मन टॉपवरच बसतं. दुसऱ्याकडे फोन केला तर व्हीएक्स त्याच रंगात यार्डात उभी होती. बायकोने तिथे शांतपणे एकच वाक्य धरून ठेवलं, दादा आम्हाला व्हीएक्स सीव्हीटीचंच कोटेशन द्या, दुसरं नको, आणि तो पंधरा मिनिटांत लायनीवर आला. कोटेशनमध्ये हँडलिंग चार्जेस, अॅक्सेसरी पॅक आणि त्यांचाच इन्शुरन्स असं तीन ठिकाणी सामान भरलेलं होतं. हँडलिंग काढायला लावलं. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यायला हवा असं कुठेही नाही, बाहेरचं झिरो डेपवालं (क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारं) कोटेशन समोर ठेवलं की रक्कम खाली येते, फक्त दोन्हीकडे आयडीव्ही सारखी आहे ना ते बघा नाहीतर स्वस्त दिसणारी पॉलिसी कमी किमतीच्या गाडीची निघते.

आणि बुकिंगच्या पावतीवर व्हेरियंटचं पूर्ण नाव, सीव्हीटी की मॅन्युअल, रंग हे सगळं लिहून घ्या, नुसतं एलिव्हेट लिहिलेली पावती घेऊन घरी येऊ नका. पैसे पूर्ण भरायच्या आधी यार्डात जाऊन चासी नंबर, बनल्याचा महिना आणि किलोमीटर बघा, आणि हो, डावा इंडिकेटर देऊन स्क्रीनवर चित्र येतंय ना तेही तिथेच बघून घ्या.