'किंड्रेड' चित्रांत वाचताना

अमेरिकी लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांची 'किंड्रेड' ही कादंबरी १९७९ची. तिची ग्राफिक आवृत्ती २०१७ साली आली. संहिता डेमियन डफी यांची, चित्रं जॉन जेनिंग्ज यांची. पुढच्या वर्षी तिला कॉमिक्ससाठी दिला जाणारा आयस्नर पुरस्कारही मिळाला. मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, त्यामुळे माझी नजर आधी रंगांवरच गेली.

१९७६च्या कॅलिफोर्नियात राहणारी डेना ही कृष्णवर्णीय लेखिका एकाएकी गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. तिथल्या मळेवाल्याचा गोरा मुलगा रूफस जिवावरच्या संकटात सापडला की हिला जावंच लागतं, आणि हिच्या जिवावर बेतलं की ती परत येते. रूफस तिचा पूर्वज. तो वाचला नाही तर तिचं घराणंच उभं राहणार नाही.

जुना काळ दाखवायचा म्हटलं की आम्ही चित्रकार डोळे मिटून पिवळट-तपकिरी रंग घेतो. जेनिंग्ज यांनी नेमकं उलटं केलंय. १९७६चं घर फिकं, तपकिरी. मेरीलँडची पानं मात्र रंगांनी पेटलेली. आपला काळ डेनाच्या हातून कसा निसटतोय, हे त्यामुळे एकही शब्द न वाचता कळतं.

अॅलिस ही तिथली एक कृष्णवर्णीय मुलगी. तिच्या वडिलांना गुलामांवर पाळत ठेवणारे गोरे गस्तवाले रात्री चाबकाने फोडून काढतात आणि डेना झुडपात लपून ते बघते. टीव्हीवरच्या मारहाणीत घामाचा वास नसतो, माणसाच्या विनवण्या कानांवर येत नाहीत, हे तिला मूळ कादंबरीत तिथे उमगतं. असा प्रसंग चित्रात आणायचा म्हणजे केवढी जोखीम! जेनिंग्ज यांची रेषा खडबडीत, टोकदार आहे. ती वेदनेला देखणी होऊ देत नाही, आणि याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

केविनच्या बाबतीत मात्र मी नाराज आहे. डेनाचा हा गोरा नवरा भूतकाळात पाच वर्षं अडकून पडतो. परतल्यावर त्याला आपलंच घर परकं वाटतं, ते कादंबरीत सावकाश उलगडतं. इथे काही चौकटींत उरकलंय. कित्येक पानांवर मजकूरही फार दाटलाय.

तरी घ्याच. फक्त चित्रं आहेत म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नका. यात फटके आहेत, बलात्कार आहे. कॉलेजातल्या मुलांना जरूर द्या, आणि जमलं तर सोबत मूळ कादंबरीही द्या.