सतरा वर्षांच्या मुलाला फायझर, मॉडर्ना, की काहीच नको?

कॅनडातल्या माझ्या मावसबहिणीचा मुलगा सतरा वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो. त्याला कोविडची लस द्यायची का, यावर घरात एकमत होत नाही. तिच्या नवऱ्याने एकच शब्द धरून ठेवलाय: मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला येणारी सूज. तिला फोनवर जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते. असाच पेच पडलेली मराठी घरं परदेशात बरीच आहेत.

आधी एक कबूल करू या. ही भीती अफवेतून आलेली नाही. २०२१ मध्ये इस्राएलमध्ये फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर १६ ते १९ वयाच्या मुलग्यांत साधारण ६,६०० जणांमागे एकाला हा त्रास झाल्याचं दिसलं. अमेरिकेत १६-१७ वर्षांच्या मुलग्यांत फायझरच्या दहा लाख दुसऱ्या डोसमागे सुमारे १०६ जणांची नोंद झाली. मुलींमध्ये हे प्रमाण कितीतरी कमी आहे. त्यामुळे घरात मुलगी असेल तर या एका कारणासाठी झोप उडवून घेऊ नका.

फायझर आणि मॉडर्ना

सगळ्यात मोठा फरक इथे आहे, आणि चर्चेत नेमका हाच हरवतो. दोन्ही एमआरएनए लशी (विषाणूचं एक प्रथिन बनवायची सूचना शरीराला देणाऱ्या) असल्या तरी सुरुवातीच्या मॉडर्नाच्या एका डोसात १०० मायक्रोग्रॅम एमआरएनए होतं, फायझरच्या डोसात ३०. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात १८ ते २४ वयाच्या तरुणांत दुसऱ्या डोसनंतर मॉडर्नामुळे या सुजेचं प्रमाण दहा लाखांमागे जवळजवळ ३०० निघालं, फायझरचं सुमारे ५९. म्हणजे पाचपट. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वीडनने तिशीच्या आतल्या सगळ्यांना आणि फिनलंडने तिशीच्या आतल्या पुरुषांना मॉडर्ना देणं थांबवलं, ते उगीच नाही. आता मॉडर्नाचा डोस ५० मायक्रोग्रॅमचा झालाय. तरीही विशीच्या आसपासच्या मुलासाठी दोन्ही लशी उपलब्ध असतील तर मी फायझरच निवडेन.

डोसांमधलं अंतर

तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस, की आठ आठवड्यांनी? ऑन्टॅरिओच्याच आकड्यांत अंतर वाढलं तसा धोका उतरलेला दिसतो. म्हणून दोन डोस द्यायचेच असतील तर आठ आठवडे थांबा. ज्यांना कोविड होऊन गेलाय त्यांना आता बहुधा एकच डोस सांगतात. भीतीदायक आकडे मात्र प्रामुख्याने दुसऱ्या डोसचे आहेत.

लस आणि आजार

‘कोविडने हृदयाला लशीपेक्षा नेहमीच जास्त धोका’ हे वाक्य सरसकट खरं नाही. इंग्लंडमध्ये चाळिशीच्या आतल्या पुरुषांत मॉडर्नाच्या दुसऱ्या डोसनंतर दहा लाखांमागे या सुजेचे ९७ जादा रुग्ण दिसले, संसर्गानंतर १६. डॉक्टरांनी हे मोकळेपणाने सांगितलं असतं तर लोकांचा विश्वास वाढला असता, असं मला मनापासून वाटतं.

पण नुसती संख्या मोजून भागत नाही, पुढे काय होतं तेही बघायला हवं. फ्रान्समध्ये १२ ते ४९ वयाच्या रुग्णांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं. लशीनंतर सूज आलेल्यांपैकी जवळजवळ ६ टक्क्यांना पुन्हा हृदयाचा त्रास झाला किंवा मृत्यू आला, कोविडनंतर सूज आलेल्यांत हेच १२ टक्के. लशीनंतरची बहुतेक मुलं काही दिवसांत घरी जातात. काहींच्या एमआरआयवर मात्र महिनोन्‌महिने खूण राहते, म्हणून साधारण तीन ते सहा महिने खेळ बंद ठेवतात. आणि कोविड हृदयापुरता थांबत नाही. लहान मुलांत संसर्गानंतर काही आठवड्यांनी क्वचित सगळ्या शरीरात सूज येते, ती लॉटरी मला नको.

भारतातल्या नातेवाइकांनी हे आकडे स्वतःला लावून घेऊ नयेत. इथे कोव्हिशील्ड, कोव्हॅक्सिन आणि मुलांना कोर्बेव्हॅक्स मिळाली, यातली एकही एमआरएनए लस नाही. पुण्याच्या जेनोव्हाची एमआरएनए लस आली, तीही फक्त प्रौढांसाठी. तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दल आयसीएमआरने ४७ रुग्णालयांतून अभ्यास केला, त्यात लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही.

बहिणीला मी असं सांगितलं: मुलगा धडधाकट आहे आणि कोविड होऊन गेलाय, तर घाई नको, तिथल्या डॉक्टरशी बोलून ठरव. मधुमेह असता किंवा प्रतिकारशक्ती कमी असती, तर मी एक डोस घेच म्हटलं असतं. आधी एमआरएनए लशीनंतरच ही सूज आली असती, तर पुढचा डोस नकोच.

आणि डोस घेतलाच, तर दोन आठवडे मॅच नाही. सिंगापूरने २०२१ मध्ये तरुणांना हेच सांगितलं होतं. त्या दिवसांत छातीत दुखलं, धाप लागली किंवा धडधड वाढली, तर ॲसिडिटी समजून घरी बसू नका. थेट इमर्जन्सीत जा, लस कधी घेतली ते सांगा, आणि ईसीजीबरोबर ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी) रक्ततपासणीही करायला सांगा.