जामठ्यात खेळाडूंची खुन्नस पाहायची तर कुठे बसावं?

नागपूरजवळचं, विदर्भाचं घरचं असलेलं जामठ्याचं मैदान क्रिकेट पाहायला उत्तम आहेच. पण मैदानावरची बाचाबाची, डिवचाडिवची आणि विकेटनंतरचा उद्रेक अनुभवायचा असेल, तर सामना कोणता आणि बसलात कुठे यावर सगळं ठरतं. एकच स्टेडियम, पण टी-ट्वेंटी, कसोटी आणि रणजी या तिन्हींत हा अनुभव पार वेगळा मिळतो.

आवाजापुरतं बोलायचं तर टी-ट्वेंटीचं तिकीट वाया. जवळपास ४५ हजारांचं स्टेडियम भरलेलं, दोन षटकांच्या मध्ये डीजे सुरू. क्षेत्ररक्षकांनाच कर्णधाराचं बोलणं ऐकू येत नाही, ते हातवाऱ्यांवर चालतात. प्रेक्षकाची काय कथा! इथे फक्त अंगविक्षेप वाचायचे. गोलंदाज चेंडू टाकून साधारण चार-पाच पावलांत थांबतो आणि वळतो. तो न वळता खेळपट्टीच्या मध्यापर्यंत येऊन उभा राहिला, की काहीतरी पेटतंय असं समजा. दुसरी खूण नॉन-स्ट्रायकरची: तो बॅट बगलेत मारून मध्ये चालत येतो. तिसरी पंचांची, ते दोघांच्या मधोमध येऊन उभे राहतात. हे टिपायला साइटस्क्रीनमागची, म्हणजे खेळपट्टीच्या सरळ रेषेतली जागा कामाची नाही. तिथून एका टोकाला गोलंदाजाची पाठ दिसते, दुसऱ्या टोकाला फलंदाजाची. खेळपट्टीला काटकोनात, म्हणजे पॉइंट किंवा स्क्वेअर लेगच्या बाजूला बसा, दोघांचे चेहरे मिळतात. दुर्बीण नेता आली तर ८x४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी घ्या. १०xची हातात थरथरते आणि त्या थरथरीत ओठ हलले की नाही तेच कळत नाही.

सेंड-ऑफ, म्हणजे बाद झालेल्या फलंदाजाला डिवचून पाठवणं पाहायचं असेल तर ड्रेसिंग रूमच्या वाटेलगतचा स्टँड हवा, कारण बाद झालेला फलंदाज तिकडेच येतो आणि मागून आलेल्या शेऱ्यावर वळून पाहतो तेही तिथूनच दिसतं. डिसेंबर २०२४मध्ये ॲडलेडला सिराजने ट्रॅव्हिस हेडला त्रिफळाचीत करून जे केलं, ते याच जातीचं. सिराजला मानधनाच्या २० टक्के दंड आणि दोघांनाही एकेक डिमेरिट पॉइंट (गैरवर्तनाचा दोषगुण). अशा प्रकरणात शब्दांपेक्षा हावभाव जास्त बोलतात, म्हणून स्टँडमधूनही ते पुरेपूर कळतं.

शब्द ऐकायचे असतील तर टीव्हीला तोड नाही, पण त्याची मर्यादा समजून घ्या. स्टंपजवळचा माइक बॅटची कड टिपायलाही वापरतात. चेंडूला कड लागली का ते दाखवणाऱ्या अल्ट्राएजच्या पडद्यावर उसळणारी रेघ याच आवाजाची. त्याच्या टप्प्यात कीपर, बॅटला खेटून उभे असलेले शॉर्ट लेग आणि सिली पॉइंट, आणि थोडीफार स्लिप येते. मिड-ऑनवरून कोणी शिव्या घातल्या तर त्या माइकपर्यंत पोचत नाहीत. परतणाऱ्या फलंदाजामागे धावत गेलेला गोलंदाजही क्षणात टप्प्याबाहेर जातो. पूर्वी चेंडू 'डेड' झाला, म्हणजे त्यावरचा खेळ संपला की माइकचा आवाज खाली करायचा अशी सूचना होती. २०१८मध्ये आयसीसीने ती काढली. त्याच वर्षी डिसेंबरात मेलबर्नला ऑस्ट्रेलियाचा टिम पेन यष्टींमागून ऋषभ पंतला डिवचत होता ते घराघरांत पोचलं, कारण बोलणारा कीपर होता. केपटाऊनचं जानेवारी २०२२चं प्रकरण निराळं. दक्षिण आफ्रिकेचा डीन एल्गर रिव्ह्यूवर, म्हणजे पंचांचा निर्णय टीव्हीवर तपासल्यावर, नाबाद ठरला तेव्हा कोहली मुद्दाम माइकजवळ जाऊन बोलला. तिथे माइकने चोरून काही ऐकलं नाही, त्याला उद्देशूनच बोललं गेलं.

जामठ्याच्या कसोटीत हा माइक सर्वांत जास्त देतो. चेंडू वळायला लागला की कीपर यष्टींना चिकटतो, बॅटभोवती तीन-चार जण कोंडाळं करतात आणि सगळी बडबड माइकच्या टप्प्यात येते. फेब्रुवारी २०२३मध्ये ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव ९१वर आटोपला, तेव्हा फिरकीपुढे असंच कोंडाळं होतं. याच कसोटीत रिव्ह्यू चालू असताना मोठ्या पडद्यावर रिप्लेऐवजी स्वतःचाच चेहरा दिसला म्हणून रोहित शर्मा कॅमेरावाल्यावर करवादला, आणि ते सगळ्यांना दिसलं. मैदानात बसून मोबाइलवर समालोचन ऐकायचा बेत मात्र करू नका. स्ट्रीमिंग मागे चालतं. विकेट डोळ्यांनी पाहून झाल्यावर कानात अपील येतं.

आता खरा माल. रणजीचा सामना. बहुधा तिकीट लागत नाही, स्टँड जवळपास रिकामा, सकाळी साडेनऊला खेळ सुरू. खालच्या रांगेत काटकोनात बसलात तर शॉर्ट लेगचा आवाज थेट कानावर येतो. विदर्भाचे खेळाडू मराठी आणि नागपुरी हिंदीची खिचडी बोलतात. 'काहून बे', 'चल भाऊ, एक काढ' हे ऐकण्यातली मजा कोणत्याही माइकवर नाही. वेळाही सांगून ठेवतो: नवा फलंदाज आल्यावरचे पहिले दहा-बारा चेंडू, जेवणाच्या सुट्टीआधीचं शेवटचं षटक आणि ८० षटकांनंतर नवा चेंडू घेतला की. साखळी सामन्यांत बहुतेकदा डीआरएस, म्हणजे रिव्ह्यूची सोय नसते, त्यामुळे पायचीतचं अपील फेटाळलं की राग लगेच बाहेर पडतो. २०२५चा केरळविरुद्धचा अंतिम सामना इथेच झाला. दुसऱ्या डावात शतक ठोकून विदर्भाच्या करुण नायरने ड्रेसिंग रूमकडे नऊ बोटं दाखवली, हंगामातलं नववं शतक म्हणून. शब्द एकही नाही, पण भारतीय संघाबाहेर काढलेल्या वर्षांचा सगळा साचलेला भाव त्यात होता. असा उद्रेक पाहायला पाच दिवस बसावं.

रागाची किंमत कशी ठरते हे माहीत असलं की पाहण्यात रंग भरतो. आंतरराष्ट्रीय सामन्यात पंच आधी कर्णधाराला बोलावतात. दिवसाअखेर आरोप ठेवला जातो, खेळाडूने तो आणि शिक्षा मान्य केली की सुनावणी होत नाही. २४ महिन्यांत चार डिमेरिट पॉइंट झाले की बंदी. जुलै २०२३मध्ये बांगलादेशात मिरपूरला भारतीय महिला संघाची कर्णधार हरमनप्रीतने यष्ट्यांवर बॅट मारली त्याचे तीन, पंचांवर जाहीर टीका केल्याचा एक, मिळून चार; दंड ७५ टक्के आणि दोन सामने बाहेर. म्हणून पंचांनी कर्णधाराला हाक मारली की दुर्बीण कर्णधारावर न्या, चिडलेल्या खेळाडूवर नको. पुढे काय होणार ते त्याच्या मानेवरून कळतं.

एक स्पष्ट सांगतो: तंत्रावर, धावांवर, घाबरण्यावर डिवचणं हा खेळाचा भाग आहे. आई-बहिणीवरची शिवी किंवा रंगावरून हिणवणं ही घाण आहे, आणि रिकाम्या स्टँडमध्ये तीही ऐकू येते. लहान पोरांना रणजीला नेणाऱ्यांनी हे धरून चालावं.

मेट्रोने जाणार असाल तर खापरीला उतरा, तिथून ऑटो करून पुढे. पाणी भरपूर प्या. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणून पश्चिमेच्या स्टँडमध्ये पाठीला सूर्य घेऊन बसा. समोरच्या बाजूला तीननंतर डोळ्यांवर हात धरूनच बसावं लागतं आणि शेवटच्या सत्रातली खुन्नस निसटते.